एका दाराची दोन कुलपं

मी कुलूप बोलतोय. कुलपाने तोंड बंद ठेवावं हे मला कळतं. पण इतकी वर्षं गंजत लोंबकळल्यावर कुणाची भीडभाड ठेवायची?

कारखान्यात मला घडवलं तेव्हा तपासनीसाने हातोड्याने ठोकून पाहिलं आणि म्हणाला, "हे सहजासहजी तुटायचं नाही." मला कोण अभिमान वाटला. आज ते वाक्य आठवलं की अंगावर काटा येतो.

मग युद्ध आलं. पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांच्या उरावर बसलेले दोन देश तिसऱ्याच्या भीतीने एक झाले. विळ्याभोपळ्याचं सख्य, पण एकाच डोंगरावर, एकाच खंदकात. औषधांचं कोठारही सामाईक, डोंगर खोदून केलेलं, लोखंडी दाराचं. सामाईक म्हटलं की संशय आलाच. म्हणून दाराला दोन कुलपं, एक त्यांचं आणि एक आमचं, म्हणजे मी. दुसऱ्याच्या कुलपाला हात लावला तर मैत्री संपली, असा करारच होता.

आमचा कोठारवाला इतका उंच की सगळे त्याला शिडी म्हणत. त्यांचा पोक्त, त्याला सगळे मामा म्हणत. आधी दोघं एकमेकांकडे बघायचेही नाहीत. मामाने मोजलेल्या बाटल्या शिडी पुन्हा मोजायचा. एकदा शिडी ठेचकाळला आणि बाटली फुटली. मामा म्हणाला, "जाऊ दे रे. तुझे पाय तुझ्या डोक्यापासून फार लांब पडतात." शिडीला हसू आलं, आणि तिथून बोलणं सुरू झालं.

कुणी जखमी झालं की एकाने दुसऱ्याला शोधत धावायचं, त्यात वेळ जायचा. म्हणून दोघांनी आपापल्या किल्ल्या चुलीमागच्या एकाच खिळ्याला अडकवल्या. जो जवळ असेल त्याने दार उघडायचं. माझ्या आयुष्यातले तेवढेच दिवस बरे गेले.

आमचे साहेब तपासणीला आले आणि त्यांना तो खिळा दिसला.

"हे काय?"

"सोयीचं पडतं, साहेब," शिडी म्हणाला.

"ही सोय गळ्याशी येईल. लढाई संपली की हेच लोक आपल्यावर उलटणार. किल्ली तुझ्या गळ्यात, आणि तू खाली माझ्या छावणीत. बोलावलं तरच वर यायचं."

थोड्याच दिवसांत भर सकाळी हल्ला झाला. मामाचा धाकटा भाऊ मामाच्याच पलटणीत होता. त्याच्या मांडीत तोफगोळ्याचा तुकडा घुसला. मामाने त्याला उचलून दारापाशी आणलं. मांडीला पट्टा आवळला तरी रक्त थांबेना. थांबवायचं औषध माझ्या पाठीमागे, हाताच्या अंतरावर होतं. मामाने आपलं कुलूप काढलं आणि माझ्यासाठी पहार उचलली. मी मनात म्हणत होतो, मार, एकदाचा मार.

मामाचे साहेब आडवे आले. "पहार खाली ठेव. ते त्यांचं कुलूप आहे."

"साहेब, हा माझा भाऊ आहे."

"मला दिसतंय. पण फोडलंस तर ते चोरीचा आळ घेतील आणि उद्या निघून जातील. मग सगळेच मरू. माणूस पाठवलाय, किल्ली येतेय."

मामाने पहार ठेवली. भाऊ दाराला टेकून बसला होता. "दादा, थंडी वाजतेय," तो म्हणाला. मामाने त्याच्यावर आपला कोट घातला.

शिडी धापा टाकत आला. किल्ली फिरली आणि मी उघडलो, अगदी सुरळीत, कुरकुर न करता. तोवर भावाची मान कलली होती.

"मामा, निरोप येईपर्यंत साहेबांनी मला वर येऊच दिलं नाही हो," शिडी म्हणाला.

"उघडलंस ना? मग बाकीच्यांचं बघ," मामा म्हणाला, आणि भावाला दारातून बाजूला घेतलं.

हल्ला ओसरल्यावर दोन्ही साहेबांनी मला उलटसुलट करून पाहिलं. माझ्यावर ओरखडासुद्धा नव्हता. दोघांनी समाधानाने हात मिळवले.

पुढे दोन्ही देश मिळून ते युद्ध जिंकले म्हणे. मग जिंकलेले दोघं एकमेकांवर उठले. कोठार केव्हाच रिकामं झालंय, तरी आम्ही दोन्ही कुलपं दाराला तशीच आहोत. आपलं आधी काढायला कुणी तयार नाही. आत नुसत्या फळ्या आहेत.

मामा एकदा येऊन गेला. केस पांढरे झाले होते. भाऊ टेकला होता तिथे दारावर हात ठेवून उभा राहिला. मला त्याने शिवीसुद्धा दिली नाही.

तुम्ही कधी इकडे आलात तर किल्ली शोधत बसू नका. येताना पहार घेऊन या.