फेट्यातला फोटो

पद्मजा मॅडमनी फोटो काढला तेव्हा कृष्णातनं बत्तीशी दाखवली होती. दाखवणार नाही तर काय! सोळाव्या वर्षी मोटारसायकल चोरून बालसुधारगृहात गेलेलं पोरगं, सुटून दोन वर्षं झालेली. कसबा बावड्यात अण्णांच्या वर्कशॉपात लेथवर हात बसला होता. आणि हे सगळं ज्या बाईनं जुळवून दिलं, तिनंच दसऱ्याला आपल्या हातानं त्याला फेटा बांधला. "आठवणीला राहू दे रे," मॅडम म्हणाल्या.

सुधारगृहात पोरांसाठी समाजकार्य करणाऱ्या मॅडमनी सुटताना शब्द दिला होता. "तुझी फाईल बंद. कायदाच आहे तसा. कुणाला कळणार नाही." त्या शब्दावरच तर गडी जगत होता. आईनं गल्लीत सांगितलेलं, पोरगं हातकणंगल्याला मामाकडं होतं.

आणि गुरुवारी कामावर जाताना बघतोय, तर चौकात हा भला मोठा डिजिटल बोर्ड! मॅडमना कसलासा पुरस्कार मिळालेला. मधोमध त्या, हारासकट. खाली फेट्यातला कृष्णात, पूर्ण नावानिशी. 'बालगुन्हेगार ते आदर्श युवक.'

वर्कशॉपात अण्णांनी नेहमीसारखं काम दिलं. हत्यारांच्या कपाटाला मात्र कुलूप होतं. दोन वर्षांत पहिल्यांदा.

त्यानं मॅडमना फोन लावला. "माझं नाव घातलंसा की वो बोर्डावर!"

"अरे वेड्या, कौतुक होतंय तुझं! लाजतोस काय? ठेवते, पाहुणे आलेत."

ज्या माणसाला देव मानावं त्यानंच असा गळा कापावा? कृष्णातची सटकली. भर दुपारी बोर्डाच्या बांबूवर चढला आणि कटरनं आपलं तोंड तेवढं कापून घेतलं. मॅडमच्या हाराला धक्कासुद्धा लावला नाही. खाली पोरं शूटिंग करायला लागली. कुणीतरी ओरडलंच, "अजून गेली न्हाय व्हय रं सवय?"

पोलीस आले. मागोमाग मॅडम रिक्षातनं उतरल्या, वर भोकाकडं बघितलं आणि डोळ्यांना पदर लावला. "साहेब, किती केलं हो मी याच्यासाठी! मला वाटलं होतं, सुधारलाय."

कृष्णात त्यांच्याकडं बघतच राहिला. त्यांनी तोंड फिरवलं.

हवालदारानं वही काढली. "नाव काय रं तुझं?"

"वर हाय की सायेब, वाचा," कृष्णात म्हणाला. "मॅडमनीच लिवलंय."