पडदे लावून काढलेला ऑक्सिजन

मी हायड्रिला. नावावरून मला कुणी परदेशची पाहुणी समजू नये. तळ्याच्या गाळात माझ्या मावश्या-आत्यांचा ढीग पडलाय आणि लोक आम्हा सगळ्यांना सरसकट शेवाळ म्हणतात. एक दिवस शाळेतल्या विज्ञानाच्या बाई गुडघाभर पाण्यात उतरल्या, त्यांनी मला खुडून डब्यात घातलं, आणि शेवाळाचं एकदम 'प्रयोगसाहित्य' झालं. माणसांत बढती अशीच मिळत असावी.

माझी जागा प्रयोगशाळेच्या खिडकीत होती. पाण्याने भरलेल्या चंचुपात्रात मी, माझ्यावर उलटं नरसाळं आणि त्याच्या दांडीवर पाण्याने भरलेली परीक्षानळी. ऊन आलं की मी पाण्यातला कार्बन डायऑक्साइड घ्यायचे, साखर करायचे आणि ऑक्सिजनचे बुडबुडे वर सोडायचे. नळीत पुरेसा वायू साठला की बाई टोकाला निखारा असलेली काडी आत धरायच्या, आणि ती भपकन पेटायची.

"हिची चूल उन्हावरच पेटते," बाई मुलांना सांगायच्या. "पण जेवण दिवसरात्र चालू! केलेली साखर हिच्या पेशी ऑक्सिजनच्या मदतीने जाळतात, त्यातून जगायची ताकद मिळते. हेच श्वसन. तुमच्याही पेशी तेच करतात. फक्त तुम्हाला चूल नाही, तुम्ही ऐतखाऊ!"

मुलं खो-खो हसायची. मला हे वाक्य फार आवडायचं.

बाई तात्पुरत्या होत्या. तपासणीला येणाऱ्या साहेबांचा शेरा चांगला पडला, तर त्या कायम होणार होत्या. "प्रयोग जमला तर ऑर्डर निघाली म्हणून समजा," मुख्याध्यापक म्हणाले. "नाही जमला तर माझे हात बांधलेले आहेत." त्यांचे हात तसे बाराही महिने बांधलेले असायचे. फक्त टाळ्या वाजवायला सुटायचे.

तपासणीच्या दिवशी लख्ख ऊन होतं. मी कामाला लागणार, तेवढ्यात मुख्याध्यापकांनी खिडक्यांचे जाड पडदे ओढून घेतले. शाळेने नवा प्रोजेक्टर आणला होता आणि त्यावर 'सूर्य : ऊर्जेचा स्रोत' ही फिल्म दाखवायची होती.

"सर, अंधारात हायड्रिला बुडबुडे सोडणार नाही," बाई म्हणाल्या.

"का? कालपर्यंत तर सोडत होती!"

"काल ऊन होतं, सर."

"मग आज पडद्यावर अख्खा सूर्य दाखवतोय की! बघा तरी केवढा मोठा आहे!"

आणि बाईंना साहेबांना घेऊन यायला फाटकावर पाठवण्यात आलं.

अंधारात मी ऑक्सिजन देत नाही, उलट घेते. त्या बंद खोलीत चाळीस मुलं, मुख्याध्यापक आणि मी, सगळे एकाच हवेवर टपलेलो. झाड म्हणजे ऑक्सिजनची पाणपोई, असं माणसांना वाटतं. झाडालाही श्वास लागतो, हे त्यांच्या गावीही नसतं.

व्हरांड्यात बुटांचा आवाज आला. मुख्याध्यापकांनी नळीकडे पाहिलं. एकही बुडबुडा नाही. सकाळपासून त्यांना पित्ताने हैराण केलं होतं, त्यामुळे पित्तावरच्या पावडरीच्या पुड्या खिशातच होत्या. त्यांनी नरसाळं जरासं तिरकं केलं आणि एक अख्खी पुडी माझ्या डोक्यावर रिकामी केली. फस्स! माझं अंग अंग चुरचुरलं. बघता बघता अर्धी नळी वायूने भरली.

"वा! काय जोमदार वनस्पती आहे!" आत येत साहेब म्हणाले. "बाई, काडी धरा बघू."

बाईंनी काडी पेटवली, फुंकली आणि लाल निखारा नळीत धरला. तो विझला. दुसरी काडीही विझली.

मुख्याध्यापकांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. "विझली! विझायलाच हवी ना, साहेब?"

साहेबांनी घसा खाकरला. "हो, हो. नियमाप्रमाणेच विझली." आणि त्यांनी कागदावर लिहिलं : 'यशस्वी'.

बाईंची नजर चंचुपात्राच्या तळाशी बसलेल्या पांढऱ्या कणांवर गेली, मग टेबलाखालच्या रिकाम्या पुडीवर. मी मनात म्हणत होते, बाई, आज एक दिवस गप्प राहा. नोकरी पक्की होतेय. खोटं कशाला सांगू, मला खरंच तसं वाटलं.

बाईंनी मुलांकडे पाहिलं. चाळीसच्या चाळीस मुलं त्यांच्या हातातल्या विझलेल्या काडीकडे बघत होती.

"साहेब, ऑक्सिजन असता तर काडी पेटली असती," बाई म्हणाल्या. "हा कार्बन डायऑक्साइड आहे, आणि तो या वनस्पतीने सोडलेला नाही. मला पडदे उघडू द्या, दोन-तीन तास द्या. मी खरा प्रयोग दाखवते."

"दोन-तीन तास? अहो, आमची जेवायची वेळ झाली!" साहेबांनी 'यशस्वी' खोडलं आणि लिहिलं : 'प्रयोग फसला. प्रोजेक्टर उत्तम.'

ते गेल्यावर बाईंनी पडदे सरकवले, मला धुतलं, ताजं पाणी भरलं. अंगाची आग होत होती, तरी त्या दिवशी मी राबले तशी जन्मात कधी राबले नव्हते. शाळा सुटायच्या आधी नळीत चांगला बोटभर वायू साठला. बाईंनी काडी आत धरली आणि ती भपकन पेटली. मुलांनी एकच गिल्ला केला.

दारात मुख्याध्यापक उभे. "आवाज बंद! साहेबांचा आत्ता कुठे डोळा लागलाय!"

बाईंची ऑर्डर निघाली नाही. जाताना त्यांनी मला एका बरणीत घालून घरी नेलं. आता मी त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत असते. सुट्टीच्या दिवशी त्या वर्गातल्या दोघी-तिघी येतात आणि माझ्या नळीत काडी पेटवून जातात. तेवढ्यावर बाई आठवडाभर खूश असतात, आणि मीही.

शाळेत माझ्या जागी प्लॅस्टिकची हायड्रिला बसवलीय. बटण दाबलं की खालचा पंप सुरू होतो आणि ती गच्च पडद्यांच्या अंधारातही भराभर बुडबुडे सोडते. दोन तपासण्यांत ती अव्वल ठरली. तुम्ही कधी त्या शाळेत गेलात, तर तिच्याबद्दल माझं एवढंच मागणं आहे : टाळ्या वाजवण्याआधी तिच्या नळीत एकदा काडी धरून बघा.