टेबलावरची खोकी

“झाकणं एकसष्ट आणि डबे अडतीस!” सिस्टर स्वयंपाकघरातून ओरडली. “अहो, ऐकलंत का? तेवीस झाकणं बेवारस आहेत आपल्या घरात!”

“असू दे की,” बाहेरून नवऱ्याचा आवाज आला. “डबे मिळतील कुठेतरी.”

“झाकणासाठी डबा शोधणार तुम्ही?”

ती जमिनीवर फतकल मारून बसली होती. भोवती डब्यांचा नुसता ढीग. पदर कमरेला खोचलेला, नाकावर धूळ, आणि चेहरा सहलीला निघालेल्या मुलीसारखा फुललेला. वय चोपन्न. इस्पितळाच्या ऑपरेशन थिएटरमध्ये तिची तीस वर्षं गेली होती. गल्लीत सगळे तिला सिस्टरच म्हणत. चिडवायचं असलं की नवराही तेच म्हणे. थिएटरला रंग द्यायचा होता म्हणून तिला तीन दिवस सुट्टी मिळाली होती, आणि पहिल्याच सकाळी तिनं कपाटाचं दार उघडून पहिला डबा बाहेर ओढला होता.

थिएटरमध्ये तिच्या शब्दाला वजन होतं. एकदा मोठे सर्जन टाके घालायला निघाले असताना तिनं सगळ्यांसमोर सांगितलं होतं, “थांबा सर, एक गॉज कमी आहे.” सर्जन तापले. वीस मिनिटं सगळे हातावर हात धरून उभे राहिले. शेवटी तो गॉज, रक्त टिपायचा कापडाचा तुकडा, सर्जनच्याच बुटाच्या तळाला चिकटलेला सापडला. तेव्हापासून सिस्टरनं “मोजणी झाली” म्हटल्याशिवाय ते सुईला हात लावत नसत.

आणि हीच बाई घरी आली की जे हाताला लागेल ते ओट्याशी उभ्यानंच खायची. एका हातात पाव, दुसऱ्या हातानं गॅस बंद करत. बसायला जागाच कुठे होती? ओट्यावर डबे, फ्रिजवर बरण्या, खिडकीत रिकाम्या बाटल्या. चार खुर्च्यांचं जेवणाचं टेबल तर खोक्यांखाली गाडलंच गेलं होतं. स्वयंपाकघरात पाऊल टाकलं की तिच्या कपाळाची शीर उडायला लागे, आणि कधी एकदा पोटात चार घास ढकलून बाहेर पडते असं होई.

मागच्या आठवड्यात ती सासूबाईंना डॉक्टरांकडे घेऊन गेली होती. आठ महिन्यांत त्यांचं वजन सहा किलोंनी उतरलं होतं. रक्त, लघवी, फोटो, सगळं तपासून झालं. कशातच काही निघालं नाही. डॉक्टरांनी चष्मा काढून विचारलं, “सिस्टर, काल दिवसभरात ह्यांनी काय खाल्लं?”

सिस्टरनं आठवून पाहिलं. तिला आठवेना. ताट झाकून त्यांच्या खोलीत ठेवलं होतं, एवढंच. मग लक्षात आलं, आपण स्वतः काल काय खाल्लं तेही आठवत नाही. मागच्या मंगळवारच्या ऑपरेशनला किती चिमटे लागले ते ती झोपेतही सांगू शकली असती.

घरी येताना रिक्षात तिनं ठरवून टाकलं. आधी स्वयंपाकघर. औषधबिषध नंतर.

दहा वाजेपर्यंत तिनं अर्धी खोली बाहेर काढली होती. मुदत संपलेल्या मसाल्यांच्या पुड्या, कान तुटलेले कप, कुणीतरी भेट दिलेला आणि एकदाही न वापरलेला कॉफीचा संच. प्रत्येक वस्तू गेली की तिला आणखी जोर चढे. मग कपाटाच्या टोकावरून सासूबाईंचं ते जाड बुडाचं प्रचंड पातेलं तिनं खाली घेतलं, आणि तिचा हात अडला. ह्या पातेल्यात पन्नास माणसांचं शिजलं असतं. घरात माणसं तीन.

सासूबाई दारात येऊन उभ्या होत्या. ब्याऐंशी वर्षांच्या, अंगावर कपडे लोंबत असलेल्या.

“आई,” सिस्टर चाचरत म्हणाली, “हे तुमचं... म्हणजे तुम्हाला वाईट वाटणार असेल तर राहू दे.”

“काढतेयस?” सासूबाईंचे डोळे लकाकले. “अगं बाई, सुटले! काढ, काढ. आत्ताच्या आत्ता काढ.”

“पण ह्याच्यात तुमचा जीव आहे ना?”

“माझा? माझ्या सासूनं ते माझ्या गळ्यात मारलं, मी तुझ्या गळ्यात मारलं. तू दरवर्षी घासूनपुसून वर ठेवतेस, मला वाटायचं तुझाच जीव आहे!”

“मी तुमच्यासाठी घासत होते हो!”

“सव्वीस वर्षं?”

आधी सासूबाईंच्या गळ्यातून एक चिरका आवाज निघाला, मग सिस्टर फुटली, आणि दोघी पोट धरून इतक्या हसल्या की नवरा धावत आत आला. “काय झालं? कोण पडलं?”

“पडलं नाही, उठलं,” सासूबाई म्हणाल्या. “ये, ह्याला एका बाजूनं धर.”

मग मात्र त्या ऐकेनात. खुर्ची मागवून स्वयंपाकघराच्या मधोमध बसल्या आणि बोट दाखवत सुटल्या. ती फाटकी चाळण कशाला? ती बुडाशी जळलेली कढई? लेकाचं पंप दुरुस्तीचं वर्कशॉप होतं, आणि त्यानं तीन बंद मिक्सर ओट्याखाली जपून ठेवले होते. त्यांवर बोट आलं तेव्हा तो आडवा आला.

“ते दुरुस्त करणार आहे मी. साधं कॉइल जळलंय.”

“तू शाळेत असल्यापासून दुरुस्त करतोयस,” आई म्हणाली. “ने खाली.”

“लोकांचे पंप दोन तासांत चालू करता,” सिस्टरनं जोड दिली, “आणि घरचा मिक्सर सात वर्षं अॅडमिट!”

तो पुटपुटत दोन मिक्सर काखेत मारून जिना उतरला. तिसरा न्यायला आला तेव्हा शीळ घालत होता.

ओटा दिसायला लागला. खिडकीतून टेबलापर्यंत ऊन आलं. सिस्टरनं हात झटकले आणि टेबलावरच्या पहिल्या खोक्याला हात घातला.

“ते राहू दे,” सासूबाई म्हणाल्या.

आवाज इतका वेगळा होता की सिस्टरनं वळून पाहिलं. ही चार खोकी सिस्टरच्या लेकीची. आठ महिन्यांपूर्वी तिला दुसऱ्या शहरात नोकरी लागली, जाताना तिनं आपल्या खोलीतलं नको ते सामान भरून इथं टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, पुढच्या वेळी येऊन बघते. ती वेळ आली नव्हती.

“आई, ती तर फोनवर म्हणाली, टाकून दे म्हणून.”

“माहिती आहे मला. माझ्यासमोरच म्हणाली. पण खोकी दिसली की वाटतं, न्यायला येईल.”

सिस्टरनं खोक्यावरचा हात काढला. सासूबाई पदराच्या टोकाशी चाळा करत म्हणाल्या, “रात्री ती आणि मी इथंच बसायचो गं. ती मोबाइल बघत जेवायची, पण समोर असायची. मधेच काहीतरी दाखवायची, मला कळायचं नाही, मी हसायचे. आता तू उभी खातेस. हा टीव्हीपुढे. मी पलंगावर ताट घेऊन बसते आणि भिंतीकडे बघते. भिंतीकडे बघून किती खाणार माणूस?”

“मला म्हणायचंत तरी.”

“काय म्हणू? तू दमून येतेस.”

आठ महिने सिस्टर रक्ताचे रिपोर्ट चाळत होती. रोज झाकलेलं ताट नेऊन देत होती, आणि अर्धं भरलेलं परत आणून धूत होती. ती पुढं झाली आणि सासूबाईंच्या खुर्चीशेजारी जमिनीवरच बसली. “चुकलंच माझं,” ती म्हणाली.

“चुकलंबिकलं काही नाही,” सासूबाई म्हणाल्या. मग त्यांनीच तिच्या खांद्याला ढोसलं. “ऊठ. उघड बघू, काय एवढं ठेवून गेलीय.”

पहिल्या खोक्यात गुंतलेल्या वायरी, फुटक्या काचेचा मोबाइल, कॉलेजची टिपणं. दुसऱ्यात एका पायाचे मोजे आणि केस गळू नयेत म्हणून आणलेल्या सहा अर्धवट बाटल्या. सासूबाईंनी एक बाटली वास घेऊन पाहिली आणि नाक मुरडलं. तिसरं उघडेपर्यंत त्यांचे डोळे भरून आले होते आणि तोंड हसत होतं.

“हे न्यायला कोण येणार गं?” त्या म्हणाल्या. “मीसुद्धा आले नसते. ने खाली.”

दीड वाजता तिघं टेबलाशी बसली. टेबल ओल्या फडक्यानं पुसलं तेव्हा त्याचा रंग फिकट मधासारखा आहे हे सगळ्यांना नव्यानं कळलं. भोपळ्याचं सूप, पाव, उकडलेले बटाटे आणि कापलेली काकडी. नवऱ्यानं सवयीनं रिमोट आणला होता, तो त्यानं स्वतःच बाहेर नेऊन ठेवला.

सिस्टरचं सूप चार मिनिटांत निम्म्यावर आलं.

“कुठे ऑपरेशन आहे का?” सासूबाईंनी विचारलं.

नवरा खो-खो हसला. सिस्टरनं चमचा खाली ठेवला. मग मुद्दाम एक घोट तोंडात धरून बघितला. भोपळा गोड होता, मागून मिरीचा हलका चटका. हे सूप तीच वर्षानुवर्षं करत होती, आणि मिरी जरा जास्त पडते हे तिला आज कळलं.

“अहो, मिरी जास्त होते का हो माझी?”

“पंचवीस वर्षं होतेय,” तो म्हणाला. “मला वाटलं तुला आवडते तशी.”

“ह्या घरात कुणी कुणाला काही विचारायचंच नाही असं ठरलंय का?” सासूबाई म्हणाल्या, आणि वाडगा पुढे केला. “मला आहे तशीच आवडते. अजून वाढ.”

सिस्टरनं वाढलं. पाऊण तास जेवण चाललं. काकडी कडू निघाली त्यावर बोलणं झालं, लेकीला फोन करून टेबलाचा फोटो पाठवायचा ठरलं, नवऱ्यानं तिच्या रिकाम्या खुर्चीवर पाय ठेवले आणि आईनं ते चमच्यानं मारून खाली घ्यायला लावले.

जेवण झाल्यावर सिस्टर ताटं उचलायला लागली, तेव्हा सासूबाईंनी आपलं ताट सोडलं नाही.

“द्या ना, मी धुते.”

“माझं मी धुणार.”

टेबलाला धरत, मग ओट्याला धरत त्या सिंकपर्यंत गेल्या. सिस्टर पुढं झाली नाही. जागेवरच उभी राहिली. सासूबाईंनी पदर खोचला. मनगटं बारीक, काड्यांसारखी झाली होती. त्यांनी ताट आतून घासलं, बाहेरून घासलं, वाहत्या पाण्याखाली सावकाश फिरवलं, आणि खिडकीच्या उजेडात धरून डाग राहिला नाही ना ते बघितलं. मग ते ठेवायला त्या फळीकडे वळल्या. फळी सगळीच्या सगळी रिकामी होती. क्षणभर त्या विचारात पडल्या, आणि मग त्यांनी ताट बरोबर मधोमध ठेवलं.