मॉनिटर आला आणि मी डबीत गेलो

मित्रांनो, मी एक जुना व्ह्यूफाइंडर आहे. बोटभर लांबीचा, पितळी अंगाचा. एक डोळा मिटून मला दुसऱ्या डोळ्याला लावलं, की कॅमेऱ्यातून काय दिसेल ते कॅमेरा न हलवताच कळतं. सिनेमाचे दिग्दर्शक नरहरराव मला गळ्यात घालत. स्वभावाने मी जळकुकडा आहे, तेही आधीच सांगून टाकतो.

पुण्याहून लखनऊला आलेले हे गृहस्थ अमीनाबादच्या गर्दीत मला डोळ्याला लावून उलटे चालायचे. रिक्षावाले ओरडायचे, "अरे भैया, पीछे तो देखो!" पण मी दाखवेन तिथेच कॅमेरा लागायचा. काय माझा थाट होता!

मग तो मेला मॉनिटर आला. छत्रीखाली बसायचं, चहा प्यायचा नि कॅमेऱ्यातलं दृश्य त्याच्या पडद्यावर बघायचं! मला चामड्याच्या डबीत घालून लखनऊच्याच महानगर भागातल्या घरी कपाटात ठेवलं. "जपून ठेवलाय हो," असं ते पाहुण्यांना सांगायचे. मी आतल्या आत जळायचो.

काल त्यांची नात रुचा मोबाइलवर त्यांची मुलाखत घेत होती. "आजोबा, किस चीज़ के बिना आपका काम नहीं चलता?"

मी कान टवकारले. आता माझंच नाव घेणार!

"मॉनिटर," ते पटकन म्हणाले. माझा नुसता तिळपापड झाला.

मग तेच पुढे म्हणाले, "पण परवा इथल्या लष्करी छावणीत शूटिंग चालू असताना जनरेटर बंद पडला आणि मॉनिटर काळा झाला. ऊन उतरत होतं. माझा हात आपोआप गळ्याकडे गेला, तर तिथे काहीच नाही. बोटांची चौकट करून अंदाज घेतला आणि कॅमेरा भलत्याच जागी लावला. तो हलवेपर्यंत ऊन गेलं."

अहाहा! मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या.

"तो निकालो ना उसे!" रुचा म्हणाली.

डबी उघडली. नरहररावांनी मला पुसून डोळ्याला लावलं आणि ते खिडकीकडे वळले. मग पुन्हा पुसलं, पुन्हा लावलं.

"आतून बुरशी धरलीय गं," ते हळूच म्हणाले. "काचच खाल्लीय तिने. ह्यातून आता काही दिसत नाही."

"ठीक नहीं होगा?"

त्यांनी नकारार्थी मान हलवली आणि मला अलगद डबीत ठेवलं.

मित्रांनो, आवडती वस्तू कोंडून जपू नका. तिला वापरा, पडू द्या, पोचे येऊ द्या. त्या मॉनिटरचा मला अजूनही हेवा वाटतो. धूळ बसली की कुणीतरी त्याला रोज शर्टाच्या बाहीने पुसतं.