सूपच्या पातेल्याचं झाकण

"मालसूनबाई, गॅस बंद करा आधी! अंधार पडायच्या आत सीमेच्या गेटपार व्हायचंय," कारखान्याचे मॅनेजर मिनसाहेब स्वयंपाकघराच्या दारातून ओरडले.

मालसूनने आच वाढवली.

बाहेर गाड्यांच्या टपांवर शिवलेल्या पँटच्या खोक्यांचे डोंगर रचले जात होते. उत्तर कोरियाने पुन्हा अणुबाँबची चाचणी केली, वर रॉकेटही सोडले, म्हणून दक्षिणेच्या, सोलच्या सरकारने सीमेपलीकडे उत्तरेत असलेल्या केसोंगमधले आपले सगळे कारखाने बंद करायला काढले होते. आता चार देशांचे मुत्सद्दी टेबलाशी बसून खल करणार. त्यांचं काय जातंय? त्यांना चहा आयता मिळतो. मालसूनने मात्र मुळ्याचा वाळवलेला पाला कालच भिजत घातला होता, आणि तो फेकून देणाऱ्यांतली ती नव्हती. नऊ वर्षं ती दक्षिणेतून इथे येऊन, शिवणयंत्रांवर बसणाऱ्या उत्तरेच्या बायकांसाठी दुपारचं सूप रांधत होती. भात त्या घरून आणायच्या, सूप कारखान्याचं. दोन्हीकडच्यांनी एकत्र जेवायला मात्र बंदी.

"आज एक बाई फिरकणार नाही. कोणासाठी शिजवताय?"

"न फिरकू दे. दुपार तर होणारच ना?"

साहेब कपाळावर हात मारून निघून गेले.

फिरकली ती ग्योंगसिल. उत्तरेच्या बायकांची ती मुकादम. यंत्रांना सील ठोकायला आली होती, मागे बंदूकवाला पहारेकरी. नऊ वर्षं दोघी मिठावरून भांडत आल्या होत्या.

"अळणी असणार," ती दारातूनच म्हणाली.

"न चाखता नावं ठेवायची खोड काही जायची नाही तुझी!"

मालसूनने दोन वाडगे भरले. ग्योंगसिलने मागे पाहिलं. पहारेकरी पातेल्याकडे बघत होता. मालसूनने तिसरा वाडगा भरून सरळ त्याच्या हातात दिला.

"घे बाबा. यात बाँब नाही."

तो भिंतीकडे तोंड करून पिऊ लागला. मग या दोघीही ओट्याशी उभ्या राहून, पहिल्यांदाच शेजारी शेजारी, जेवल्या.

"मीठ?" मालसूनने विचारलं.

"बरोबर आहे."

"खोटं बोलतेस."

"हो. अळणीच आहे मेलं!" ग्योंगसिल हसली, आणि हसता हसता डोळे पुसू लागली.

पातेलं गाडीत मावणारं नव्हतंच. मालसूनने नुसतं झाकण उचललं.

"अगं, ते तरी ठेव," ग्योंगसिल म्हणाली.

"नाही. पातेलं तुझ्याकडे, झाकण माझ्याकडे. त्या लोकांचं बोलून झालं की मी घेऊन येते."

"आणि नाहीच झालं तर?"

"बोलणाऱ्यांनाही कधीतरी भूक लागतेच की."

गाडीत मिनसाहेबांनी झाकण खोक्यांखाली सारायला मागितलं. तिने दिलं नाही. मांडीवर घेऊन बसली.

दक्षिणेच्या गेटवर कोवळ्या अधिकाऱ्याने काच खाली करायला लावली.

"आजी, हे काय?"

"झाकण."

"आणि भांडं कुठंय?"

"कामावर आहे," मालसून म्हणाली. "रजा फक्त मला दिलीय."

त्याने गाडी सोडली. झाकणाच्या आतल्या बाजूला अजून वाफेचे थेंब होते. तिने ते पुसले नाहीत.