हिरवी शाई

आमच्या कार्यालयात हिरव्या शाईचं पेन एकच माणूस वापरतो, तो म्हणजे मुदीर, कार्यालयाचा प्रमुख. उपप्रमुख लाल वापरतात, विभागप्रमुख निळं आणि माझ्यासारखे आस्थापनेतले कारकून काळं. हा नियम कुठे लिहिलेला नाही. पण अर्जाच्या वरच्या कोपऱ्यात हिरवं दिसलं की काम झालं, हे दारातून डोकावणाऱ्या शेतकऱ्यालाही कळतं.

मार्चमध्ये कैरोहून स्कॅनिंगची तीन यंत्रं आली आणि त्यांच्याबरोबर कंपनीच्या इंजिनिअर निर्मीन आल्या. तळघरातलं सगळं दफ्तर अकरा आठवड्यांत संगणकात जायचं होतं. जुन्या नोंदवह्यांच्या पानांवर हिरव्या रेघा छापलेल्या होत्या आणि स्कॅनमध्ये त्या अक्षरांवर चढत होत्या. निर्मीननी यंत्राला हिरवा रंग वगळायला सांगितलं. पानं धुतल्यासारखी स्वच्छ आली. मुदीरसाहेबांनी स्वतः खाली येऊन कौतुक केलं.

मे महिन्याच्या शेवटी काम शंभर टक्के पूर्ण झाल्याच्या अहवालावर गरुडाचा सरकारी शिक्का बसला. कैरोच्या मुख्य कार्यालयाने यंत्रांची सेटिंग कुलूपबंद केली. मूळ कागद पोत्यांत भरून अंगणात ठेवण्यात आले. लगद्याच्या कारखान्याची गाडी गुरुवारी तीन वाजता यायची होती.

बुधवारी सकाळी मेतवल्ली माझ्या टेबलापाशी आला. मेतवल्ली दफ्तरखान्याचा हमाल, चौदा वर्षं रोजंदारीवर. कायम करायच्या लोकांची यादी गुरुवारी दोन वाजता बंद होणार होती आणि कैरो फक्त संगणकातला कागद ग्राह्य धरणार होतं. मेतवल्लीचा अर्ज तीन वर्षांपूर्वीच मंजूर झाला होता. आधीच्या साहेबांनी, म्हणजे दिवंगत सफवत बे यांनी, त्यावर सही केली होती.

मी नंबर टाकला. अर्ज उघडला. वरचा कोपरा कोरा होता. खाली लिहिलं होतं : निर्णय प्रलंबित.

"नीट बघा हो उस्ताद लमलूम," मेतवल्ली म्हणाला. "एवढं मोठं 'मान्य' लिहिलं होतं. मी घरी जाऊन बायकोला हातवारे करून दाखवलं होतं, केवढं ते."

मी चष्मा पुसून पाहिलं. मग आणखी दहा अर्ज उघडले. दहाही कोरे. संगणकानुसार सफवत बे यांनी नऊ वर्षांत एकही निर्णय घेतला नव्हता.

दफ्तरखान्याच्या प्रमुख मॅडम इनायत माझ्या खांद्यावरून वाकून बघत होत्या. त्या तळघरात एकतीस वर्षं आहेत.

"तसं यंत्र फार चुकलेलं नाही म्हणा," त्या म्हणाल्या. "पण याचा अर्ज खरंच मंजूर झाला होता."

निर्मीन आल्या आणि पडद्याकडे बघून खुर्चीवर बसल्या.

"साहेब हिरव्याने लिहितात, हे मला कुणी सांगितलं नाही," त्या म्हणाल्या.

"अगं बाई, सूर्य पूर्वेला उगवतो हेही कुणी सांगितलं नसेल तुला," मॅडम इनायत म्हणाल्या. "आता उघड ते कुलूप."

"ते कैरोहून उघडतं. अर्ज केल्यापासून कामाचे दहा दिवस."

"आमच्याकडे दीड आहे."

"पण पुरवणी कागद म्हणून एक पान आत घालता येईल. फक्त त्यावर हिरवं काही नको."

म्हणजे आधी मूळ कागद हवा होता. अंगणात सहाशे बारा पोती होती आणि त्यांवर नंबर नव्हते. ती सगळी मेतवल्लीने स्वतःच्या पाठीवरून वर आणली होती.

"म्हणजे माझी नोकरी मीच पोत्यात भरून शिवली?" तो म्हणाला.

"शिवली कशात ते आठव," मॅडम इनायत म्हणाल्या. "अर्जांचं कपाट तिसऱ्या आठवड्यात रिकामं केलं."

मेतवल्लीने डोळे मिटले. "तेव्हा तांदळाची पोती संपली होती. भाजीबाजारातून कांद्याच्या जाळ्या आणल्या होत्या."

जाळीची पोती एकेचाळीस निघाली. आम्ही चौघे बुधवारी दुपारभर आणि गुरुवारी सकाळपासून ती उपसत होतो. कागदांना कांद्याचा वास होता आणि मेतवल्लीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते कांद्याचं असल्याचं त्याने दोनदा सांगितलं. गुरुवारी पावणेएकला अर्ज सापडला. "मान्य" खरोखरच तळहाताएवढं होतं.

तो घेऊन मी मुदीरसाहेबांकडे गेलो. सफवत बे यांचा निर्णय कायम, एवढं एक ओळीचं टिपण काळ्या शाईत लिहून द्यावं, अशी विनंती केली. साहेबांनी माझ्या हातातल्या काळ्या पेनाकडे पाहिलं.

"काळ्याने? मला कारकून करायला निघालात का, लमलूम?"

"यंत्राला हिरवं दिसत नाही, साहेब."

"मग यंत्र बदला."

मी खाली आलो. एक वाजून वीस मिनिटं झाली होती. मॅडम इनायत यांनी घड्याळाकडे पाहिलं, अर्ज माझ्या हातातून घेतला आणि जिन्याखालच्या जुन्या झेरॉक्स मशीनवर ठेवला. त्या मशीनला काळ्याखेरीज दुसरा रंग ठाऊक नाही. प्रत बाहेर आली, त्यात "मान्य" काळंभोर होतं. त्यांनी खाली "अस्सलबरहुकूम नक्कल" असं लिहिलं, निळी सही केली आणि त्यावर निळ्या गरुडाचा शिक्का जोराने मारला. निर्मीननी पान आत घातलं. एक बावन्नला मेतवल्ली कायम झाला.

त्याने तिघांना चहा आणला आणि स्वतःही प्रथमच आमच्याबरोबर खुर्चीवर बसला.

"बाकीच्या अर्जांचं काय?" त्याने विचारलं. "लोक येतील की."

मॅडम इनायत वर गेल्या. या साहेबांच्या अकरा महिन्यांतल्या सह्याही संगणकात नाहीत, एवढंच त्यांनी सांगितलं. साहेब तडक उठले. त्यांनी कागद ओढला, गाडी थांबवण्याचा आदेश लिहिला आणि नव्या पद्धतीप्रमाणे तो यंत्रातून फाटकावर पाठवला.

तीन वाजता पहारेकऱ्याचा फोन आला.

"उस्ताद, साहेबांनी कोरा कागद पाठवलाय. हरकत नाही असं समजून गाडी आत सोडू ना?"

मी रिसीव्हर ठेवायच्या आत मेतवल्ली बाहेर पडला होता. खिडकीतून दिसलं, त्याने फाटक लावलं, कडी घातली आणि समोर खुर्ची टाकून बसला. ड्रायव्हर ओरडायला लागला.

"कालपर्यंत तू मला उचलून बाजूला ठेवलं असतंस," मेतवल्ली म्हणाला. "आज मला हलवायला चौकशी समिती लागते."

गाडी साडेचारला रिकामी परत गेली.

फाटक कुणाच्या हुकमाने लागलं हे पाहायला समिती नेमण्याचा आदेश साहेबांनी त्याच संध्याकाळी लिहिला. तो स्कॅन होऊन कैरोला गेला आहे. पोती अजून अंगणात आहेत आणि मेतवल्ली त्यांच्यावर ताडपत्री घालतो. त्या कागदाबाबत कैरोहून दर महिन्याला विचारणा येते, की या पानावर काही लिहायचं राहिलं आहे का.