ताण दिलेलं झाड

"पाण्याविना झाड माझं, फुलं अंगभर ल्यालं,
जायाच्या वेळेला गं, रूप नवरीचं आलं."

माळ्याच्या सासूबाई खुरपताना ही ओवी म्हणायच्या. त्या जाऊन कितीतरी वर्षं लोटली. यंदा उन्हं तापली, तसा त्यांचा आवाज पुन्हा त्याच्या कानाशी येऊन बसला.

खिडकीबाहेर रस्त्याकडेचं गुलाबी फुलांचं झाड. त्याला रोज पाणी घालायचं काम माळ्याचंच. आत खाटेवर त्याची बायको, उशीला टेकून.

"ते फुललं ना, की मी उठते बघा," ती म्हणाली होती. "मगच लेकीला बोलवू. ओली बाळंतीण ती. मला अशी बघून दूध आटेल तिचं."

डॉक्टरांनी त्याला बाहेरच्या बाकावर बसवून जे सांगितलं, ते त्याने तसंच गिळलं होतं. बोलणं जमेना, म्हणून हाताला जमत होतं ते केलं. झाडाला ताण दिला, फळबागेत बहर यावा म्हणून देतात तसा. आळं उकरलं, मुळ्या उन्हात उघड्या टाकल्या, पाणी तोडलं. बागेतलं झाड वेगळं आणि डांबराने गळा आवळलेलं वेगळं, हे मात्र आशेपायी विसरला.

आज सकाळी झाड फुललं. पान एक नाही, नुसतं गुलाबी. येणारे-जाणारे थांबून फोटो काढत होते. त्याने खाली जाऊन बुंध्याची साल खरवडली. आतला हिरवा पदर कुठेच नव्हता. सगळं तपकिरी.

वर आला, तर बायको कंगवा घेऊन बसलेली.

"बघा, म्हातारीला नटायची हौस!" ती हसली, तेवढ्याने धाप लागली. "झाडाला म्हणतेय हो, माझ्याकडे काय बघताय? आता मी उठणारच. लेकीला सांगा, पुढच्या महिन्यात ये. सावकाश."

"बरं."

"नुसतं बरं काय? चेहरा बघा! जसं तुमचंच पाणी तोडलंय कुणी."

त्याने तिच्या हातातला कंगवा घेतला. विंचरू लागला, तर केस कंगव्यातच राहिले. ते त्याने मुठीत लपवले.

"लेकीला आजच बोलावतो," तो म्हणाला.

"आज? का हो?"

खाली फोटोसाठी कुणीतरी खदखदून हसलं.

"ते झाड मरतंय गं. म्हणून फुललंय. मीच त्याचं पाणी तोडलं, तुला दिसावं म्हणून." मूठ तशीच आवळलेली. "आणि डॉक्टर म्हणाले, तुझ्यावर आता औषध नाही. पुढचा महिना आपल्या हातात नाही."